सौर पॅनलवरची ड्यूटी: अडथळा नेमका कुठे आहे?

सह्यवारा:

१ एप्रिल २०२२ ला परदेशी सौर पॅनलवर ४० टक्के आणि सेलवर (पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्या) २५ टक्के बेसिक कस्टम ड्यूटी, म्हणजे आयात शुल्क, लागली. त्याआधी २०१८ च्या जुलैपासून सेफगार्ड ड्यूटी (देशी उद्योग वाचवायला लावलेला तात्पुरता कर) होतीच, २५ टक्क्यांवरून उतरत १४.५ वर आलेली. २०२५ च्या बजेटच्या दिवशी व्हॉट्सॲपवर 'पॅनलवरची ड्यूटी निम्मी' असे मेसेज फिरले. निम्मी झाली हे खरं, पण त्याच कागदावर २० टक्क्यांचा कृषी पायाभूत सेस येऊन बसला. वीस आणि वीस, पुन्हा चाळीस.

२०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म वीजक्षमता उभी करायची हे आपलं जाहीर उद्दिष्ट आहे. आणि त्याला लागणारा मालच आपण महाग करून ठेवलाय. मला हे गणित बसत नाही. मुळात सौरऊर्जेवर आज गावोगावी बोललं जातंय ते पॅनल स्वस्त झाले म्हणून. मोठ्या सौर प्रकल्पातली वीज पाडण्याचा जागतिक सरासरी खर्च २०१० ते २०२३ या काळात ९० टक्क्यांनी खाली आला. यात अमेरिकेतलं सुरुवातीचं संशोधन आहे, जर्मनीने विजेला दिलेले चढे दर आहेत, ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठात घडलेला सेलचा आराखडा आहे आणि चीनची अवाढव्य कारखानदारी आहे. दारं लावून बसलेल्या एखाद्या देशाने एकट्याने हे केलेलं नाही. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये यावर एक अभ्यास आला होता. २००८ ते २०२० मध्ये जागतिक पुरवठा साखळीमुळे अमेरिका, जर्मनी आणि चीन या तिघांचे मिळून ६७ अब्ज डॉलर वाचले असं त्यांनी मांडलं. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा खुद्द चीनचा, हे विशेष.

माझं म्हणणं एवढंच की कोळसा कमी जाळायचा असेल तर कोळशाला पर्याय असलेल्या वस्तूंवर सीमेवर कर नको. सिगारेटवर कर समजतो, पॅनलवर का? ड्यूटी काढली तर फायदा ग्राहकापर्यंत पोचतो का, इथल्या कारखान्यांचं काय होतं, दोन्ही बाजू ऐकायच्या आहेत. आमच्या सोसायटीच्या गच्चीसाठी कोटेशनं मागवली आहेत, तेव्हा थोडा स्वार्थही आहे.

खवचट:

चिनी माल स्वस्त हवा, चिनी मालावर बहिष्कारही हवा, आणि गच्चीवर अनुदानही हवं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सायली_वाचते:

वाचतेय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

न्हावाशेवाकर:

मी सीएचएच्या (कस्टम हाउस एजंट) ऑफिसात आहे, उरणला. बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं घोषणापत्र) भरणं हाच रोजचा धंदा, म्हणून सीमेवरून बोलतो.

सह्यवारा, तुम्ही ड्यूटीच्या मागे लागलात, पण खरी अडचण ड्यूटीची नाही. हिशोब करून बघा. चाळीस फुटी हाय-क्यूब कंटेनरात ५४५ वॅटचे साधारण ६२० पॅनल बसतात, म्हणजे ३३८ किलोवॅट. २०२४ च्या अखेरीस चीनमध्ये भाव वॅटला दहा सेंटच्या आसपास होता, कधी त्याच्याही खाली. डॉलर साडेचौऱ्याऐंशी धरा. म्हणजे अख्ख्या कंटेनरची किंमत साडेअठ्ठावीस लाख. त्यावर ४० टक्के म्हणजे अकरा लाख चाळीस हजारांच्या घरात. वॅटला पडतात जेमतेम बारा रुपये, भाडं-विमा वेगळा. त्याच वेळी इथे जोडलेला, पण सेल बाहेरची असलेला पॅनल चौदा-पंधराला विकला जात होता. आणि सेलसकट देशी, म्हणजे डीसीआर, बावीस ते पंचवीसला.

म्हणजे ड्यूटी भरूनही चिनी पॅनल स्वस्त पडतो. मग आमच्याकडे पॅनलच्या कंटेनरांची रांग का नाही? कारण एएलएमएम. केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाची मंजूर मॉडेल आणि उत्पादकांची यादी. सरकारी प्रकल्प, सरकारी अनुदान, ओपन ॲक्सेस (ग्रिडवरून थेट उत्पादकाची वीज घेणं), नेट मीटरिंग (गच्चीवरची जादा वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करणं), यातलं काहीही हवं असेल तर पॅनल त्या यादीतलाच पाहिजे. यादीत यायचं तर कारखान्याची तपासणी व्हावी लागते, आणि चीनमधला एकही कारखाना त्यात आलेला नाही. ड्यूटी ही पैसे देऊन ओलांडता येते, यादी नाही.

त्याच्या आधी बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी आहेच, आयएस १४२८६ खाली. ती मॉडेलवार लागते. वॅटेज बदललं की कागद पुन्हा तपासायचे. लेबलवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळला नाही की माल शेडमध्ये, आणि डिटेन्शनचं, म्हणजे कंटेनर अडकून राहिल्याच्या भाड्याचं, मीटर चालू.

अवांतर: २०२२ पूर्वी एलईडी आणि सौर सेल एकाच सहा आकडी कोडखाली यायचे, ८५४१ ४०. नंतर एलईडी ४१, सुटे सेल ४२ आणि जोडलेले पॅनल ४३ असे वेगळे झाले. तोवर जगात कोणीही 'सौर पॅनलवरचं शुल्क काढा' म्हटलं की एलईडीही सोबत सुटणार, अशी अवस्था होती.

अर्थाअर्थी:

न्हावाशेवाकर, झकास प्रतिसाद. कोडचा मुद्दा अवांतर नाही. याच दगडावर या विषयातल्या बऱ्याच वाटाघाटी आपटल्या आहेत.

जागतिक व्यापार संघटनेच्या (डब्ल्यूटीओ) २००१ च्या दोहा जाहीरनाम्यात, परिच्छेद ३१ मध्ये, पर्यावरणीय वस्तू आणि सेवांवरचे शुल्क आणि इतर अडथळे कमी करायचं ठरलं. पण पर्यावरणीय वस्तू कोणती यावरच वर्षं गेली. पाइप सांडपाणी प्रकल्पातही लागतो आणि तेलाच्या विहिरीवरही. कस्टमच्या कोडला पाइप कुठे बसणार ते कळत नाही. शेवटी २०१२ मध्ये व्लादिवोस्तोकला एपेकच्या (आशिया-प्रशांत आर्थिक गट) देशांनी ५४ वस्तूंची यादी केली आणि २०१५ अखेर त्यांवरचं शुल्क ५ टक्के किंवा त्याखाली आणायचं कबूल केलं. त्या यादीत पवनचक्क्या, सौर पॅनल आहेत आणि बांबूची फरशीही आहे. प्रत्येकाला आपापला माल घुसवायचा होता.

त्यावरच पुढे २०१४ च्या जुलैत जिनिव्हात मोठ्या कराराची बोलणी सुरू झाली. अमेरिका, युरोपीय संघ, चीन, जपान सगळे होते. २०१६ च्या डिसेंबरात ती मोडली, आणि मोडण्याच्या कारणांत एक होतं सायकल. चीनला सायकल यादीत हवी होती. प्रदूषण न करणारं वाहन, कोण नाही म्हणणार? युरोप म्हणाला, कारण चिनी सायकलींवर त्यांचं १९९३ पासून अँटी-डंपिंग (पडेल भावाच्या आयातीवरचं जादा शुल्क) चालू आहे, ४८.५ टक्क्यांपर्यंत. हवामान वाचवायला बसलेल्या लोकांनी सायकलीवर घोडं अडवलं. त्यानंतर या विषयात हाती लागलेला करार म्हणजे १५ नोव्हेंबर २०२४ चा, तीनशेहून जास्त वस्तूंवरचं शुल्क काढणारा. सह्या कोणाच्या? न्यूझीलंड, कोस्टारिका, आइसलँड, स्वित्झर्लंड. या चौघांनी शुल्क शून्य केल्याने तापमानावर काय परिणाम होणार ते सांगायला नको.

दोहा सोडलं तर भारत यातल्या कशातच नाही. १९९७ मध्ये आयटी करारात (माहिती-तंत्रज्ञानाच्या मालावरचं शुल्क काढणारा) गेलो आणि इलेक्ट्रॉनिक्सचा देशी उद्योग उभा राहायच्या आत झोपला, अशी दिल्लीत पक्की समजूत आहे. बरोबर-चूक सोडा, पण 'शून्य शुल्क' म्हटलं की तिथे कान टवकारतात.

आणि ड्यूटीइतकेच बाकीचे अडथळेही मोठे, हे जागतिक बँकेने २००७ मध्येच मांडलं होतं. जास्त उत्सर्जन करणाऱ्या १८ विकसनशील देशांनी नुसतं शुल्क काढलं तर चार स्वच्छ तंत्रांचा व्यापार ७ टक्क्यांच्या आसपास वाढेल, बिगर-शुल्क अडथळेही काढले तर १३ च्या पुढे. म्हणजे निम्मं काम कागदपत्रांत अडकलेलं.

लॅमिनेटर:

पॅनलच्या कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर आहे. इथे सगळे ग्राहकाच्या बाजूने बोलतायत, म्हणून लिहितो.

दहा सेंटचा भाव तुम्हाला स्वस्ताई वाटते. २०२४ मध्ये चीनच्या आघाडीच्या पॅनल कंपन्यांनी मोठमोठे तोटे दाखवले. उत्पादनखर्चाच्या खाली विकून गोदामं रिकामी करत होते. हा भाव कायमचा नाही. १ डिसेंबर २०२४ पासून त्यांच्या सरकारने निर्यातीवरचा कर-परतावा १३ वरून ९ टक्क्यांवर आणला. आज त्या भावाला भुलून इथले कारखाने बंद पाडलेत तर उद्या भाव तेच ठरवणार. पॉलिसिलिकॉनपासून (मूळ कच्चा माल) पॅनलपर्यंत प्रत्येक टप्प्यात ८० टक्क्यांहून जास्त क्षमता त्यांच्याकडे आहे, वेफरमध्ये (सेल जिच्यापासून बनते ती सिलिकॉनची पातळ चकती) तर जवळपास सगळीच.

२०१४ मध्ये देशात पॅनल जोडायची क्षमता २.३ गिगावॅट होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एएलएमएम यादीतली क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. हे आपोआप झालेलं नाही. ४० टक्के आणि ती यादी नसती तर माझी नोकरी नसती, सरळ सांगतो.

पण कारखान्याच्या आत या, मग गंमत दिसेल. आमची लाइन चीनची. टॅबर-स्ट्रिंगर (सेल धातूच्या रिबनने जोडणारं यंत्र) चीनचा, लॅमिनेटर चीनचा, ईएल टेस्टर (सेलमधल्या भेगा टिपणारा कॅमेरा) चीनचा. सेल बहुतेक तिकडूनच. नवीन स्ट्रिंगर आला तेव्हा तो बसवून द्यायला येणाऱ्या इंजिनिअरचा व्हिसा लटकला. यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं उभं. शेवटी आम्ही व्हिडिओ कॉलवर अलाइनमेंट केली, तिकडचा माणूस चिनीत बोलतोय, मधला दुभाष्या इंग्रजीत, आमचा ऑपरेटर मराठीत. सेलवर रिबन केसभर सरकून बसत होती. डोळ्यांना काही दिसत नाही, पण ईएलच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत सेलच्या कडेने बारीक काळ्या रेघा, म्हणजे मायक्रोक्रॅक. तशा पॅनलांचा ढीगच लागला होता. तो नुकसानीचा आकडा कुठल्या ड्यूटीच्या तक्त्यात येत नाही.

आणि मालावर संरक्षण देता देता आमच्या कच्च्या मालावरही लावत सुटलेत. सोलर काचेवरची आणि टिन लावलेल्या तांब्याच्या इंटरकनेक्टवरची सूट १ ऑक्टोबर २०२४ पासून काढली. डिसेंबरात काचेवर चीन आणि व्हिएतनामसाठी अँटी-डंपिंग. प्रत्येक टप्प्यावरचा कारखानदार दिल्लीला जाऊन आपल्यापुरती तटबंदी बांधून घेतो, आणि पुढच्या टप्प्यावरच्याचा खर्च वाढतो. तेव्हा 'सगळी ड्यूटी काढा' याला माझा विरोध आहे. पण यंत्रं, काच आणि येणारा माणूस, एवढ्यांना तरी अडवू नका.

खवचट:

म्हणजे संरक्षण हवं, पण फक्त स्वतःच्या पायरीवर. हे फार प्रामाणिक आहे. +१

लॅमिनेटर:

हो. लपवतोय कुठे?

मिसिसॉगाकर:

आमच्या कॅनडातल्या ऑन्टारिओची गोष्ट सांगतो, कारण हेच सगळं इथे होऊन गेलंय. २००९ मध्ये प्रांताने ग्रीन एनर्जी कायदा आणला. सौर आणि पवन विजेला वीस वर्षं चढा दर, अट ही की ठरावीक हिस्सा ऑन्टारिओत बनलेला पाहिजे. सौर प्रकल्पांना तो ६० टक्क्यांपर्यंत होता. गावोगावी असेंब्लीचे छोटे कारखाने निघाले. जपान आणि युरोपीय संघ डब्ल्यूटीओत गेले, आणि २०१३ च्या मे महिन्यात अपिलातही कॅनडा हरला. स्थानिक मालाची अट काढावी लागली, पाठोपाठ बरेच कारखाने आवरले.

आता मजा बघा. याच ऑन्टारिओने कोळशाची शेवटची भट्टी २०१४ मध्ये बंद केली. त्यात मोठा वाटा अणुऊर्जेचा, पॅनलचा थोडा. पण तो कायदा लोकांच्या गळी उतरला तो हवामानामुळे नाही, 'इथे नोकऱ्या येतील' म्हणून. ती अट नसती तर तो कायदाच पास झाला नसता असं इथले जुने लोक सांगतात. सह्यवारा, शुद्ध मुक्त व्यापाराला मत देणारा मतदार कुठे असतो?

अर्थाअर्थी:

मिसिसॉगाकर यांच्या प्रतिसादाला जोड म्हणून आपलीही केस सांगतो. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं तेव्हा देशी मालाची अट फक्त क्रिस्टलाइन सिलिकॉनला होती. थिन फिल्म (काचेवर पातळ थर देऊन केलेले पॅनल) मोकळी. झालं काय, तर विकासकांनी सिलिकॉन सोडून सरळ थिन फिल्म आणली, तीही अमेरिकेतून, कारण त्यांची एक्झिम बँक स्वस्त कर्ज देत होती. म्हणजे देशी उद्योगासाठी केलेल्या अटीने अमेरिकन कारखान्याला गिऱ्हाईक मिळालं. एवढं होऊनही उरलेल्या अटीविरुद्ध अमेरिकाच डब्ल्यूटीओत गेली, आणि २०१६ च्या सप्टेंबरात आपण अपिलात हरलो.

मग आपण उलट केस टाकली. वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया, मोंटाना वगैरे राज्यं स्थानिक पॅनलला जास्त पैसे देतात म्हणून. २०१९ च्या जूनमध्ये ती आपण जिंकलो. २०२३ मध्ये पंतप्रधान अमेरिकेला गेले तेव्हा दोन्ही प्रकरणं आपसात मिटवली. दोघेही दोषी, दोघांनाही माफी. आणि २०१९ च्या डिसेंबरपासून डब्ल्यूटीओचं अपील न्यायपीठच बंद आहे, नेमणुका अमेरिकेने अडवल्यामुळे. हरलेल्याने अपील केलं की प्रकरण हवेत लटकतं. २०२५ च्या ऑक्टोबरात चीनने भारताच्या ईव्ही आणि बॅटरीच्या प्रोत्साहन योजनांविरुद्ध तक्रार टाकलीय. त्यातून लवकर काही निघेल असं समजू नका.

चुंबक:

सगळे खरेदीदाराने घातलेल्या अडथळ्यांवर बोलतायत. विकणाराही घालतो त्याचं काय? ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाना लावला. ईव्हीच्या मोटरमधला निओडिमियमचा चुंबक, तळहाताएवढाही नसतो, पण डिस्प्रोशियमशिवाय तो गरम झाला की ढिला पडतो. परवान्याचे अर्ज चीनच्या वाणिज्य मंत्रालयात पडून राहिले आणि पुण्याच्या पट्ट्यातल्या ई-स्कूटरच्या लाइनी अडखळल्या. मी एका व्हेंडरकडे खरेदी बघतो. 'अंतिम वापर कशासाठी' याचं हमीपत्र, त्यावर सही-शिक्का, मग तिकडच्या दूतावासाचं प्रमाणीकरण. एवढं करून उत्तर: प्रतीक्षा करा.

इथे आपल्या सरकारची बाजूही सांगायला हवी. २०२४ च्या जुलैच्या बजेटमध्ये लिथियम, कोबाल्टसकट २५ महत्त्वाच्या खनिजांवरचं कस्टम पूर्ण काढलं. आम्हाला काय उपयोग झाला? शून्य ड्यूटीचा माल समोरचा द्यायलाच तयार नसेल तर शून्याला चाटायचं आहे का? त्यामुळे 'अडथळे कमी करा' हे दोन्ही टोकांना बोला. आणि एकाच दुकानदारावर सगळं सोडू नका, ही साधी बाब आहे.

सह्यवारा:

चुंबक, मुद्दा मान्य, पण चुंबक आणि पॅनल यांत फरक आहे. चुंबक रोज लागतो, लाइन रोज चालवायची असते. गच्चीवर बसलेला पॅनल मात्र पंचवीस वर्षं वीज देतो, उद्या विकणाऱ्याने निर्यात बंद केली तरी. तेलाचं किंवा गॅसचं तसं नाही. तेव्हा पॅनल भरपूर आणि स्वस्तात आणून ठेवणं यात अवलंबित्व वाढतं म्हणण्यापेक्षा कमी होतं. इन्व्हर्टरचं वेगळं, त्यात सॉफ्टवेअर असतं, तिथे सावध राहायला माझी हरकत नाही.

दार उघडं ठेवल्यावर काय होतं याचं जिवंत उदाहरण शेजारी आहे. पाकिस्तानने २०२४ मध्ये चीनकडून सुमारे १७ गिगावॅटचे पॅनल आयात केले. एका वर्षात. ना मोठी योजना, ना मोठं अनुदान. आयातीवर फारसा कर नव्हता आणि ग्रिडची वीज परवडेना, एवढीच दोन कारणं.

खवचट:

'पाकिस्तानचं मॉडेल चांगलं' : सह्यवारा. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. ह. घ्या (हलके घ्या).

अर्थाअर्थी:

खवचट, ह. घेतलं असेल त्यांनी. पण उदाहरण अर्धंच सांगितलं. ज्यांना पॅनल परवडले ते ग्रिडवरून उतरले. वीज कंपन्यांनी जुन्या प्रकल्पांशी केलेले करार तसेच राहिले, त्यात वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे असतात. ते आता उरलेल्या गिऱ्हाइकांच्या बिलात, म्हणजे ज्यांच्याकडे स्वतःची गच्ची नाही त्यांच्या. २०२५ च्या बजेटमध्ये त्यांनी आयात पॅनलवर १८ टक्के विक्रीकर सुचवला आणि ओरड झाल्यावर १० वर आणला. स्वस्त पॅनल येणं चांगलंच, पण ग्रिडचे हिशोब आधी लावले नाहीत तर नंतर घाईने कर येतो.

गोदाकाठ:

सगळे प्रतिसाद वाचले. मी वैजापूर तालुक्यातली, आमच्याकडे शेतात पाच एचपीचा सौर पंप आहे, 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मधला. आमचा हिस्सा दहा टक्के, बाकी केंद्र-राज्य. पॅनल देशीच पाहिजेत अशी अट आहे हे मला इथेच कळलं, कारण निवडायला आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं.

दिवसा पाणी देता येतं याची किंमत तुमच्या वॅटाच्या हिशोबात नाही बसायची. आधी रात्रीची लाइट, बिबट्याची भीती, बाईमाणसाने रात्री एकटीने मोटर चालू करायला जायचं. ते संपलं. तेव्हा पॅनल चीनचा का सुरतचा, मला फरक पडत नाही.

पण एक विचारते. महाग पॅनलचे जादा पैसे आमच्या खिशातून गेले नाहीत, सरकारच्या गेले. मग तोटा कोणाचा? मला वाटतं, आमच्या भावकीतल्या ज्यांचा अर्ज अजून पेंडिंग आहे त्यांचा. तेवढ्याच पैशात जास्त पंप बसले असते ना? आणि आमच्याच तालुक्यात धोंदलगावला ३ मेगावॅटचा सौर प्रकल्प झालाय, त्याने आजूबाजूच्या शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळते. असे प्रकल्प प्रत्येक फीडरला पाहिजेत.

दुसरं, पंपाचा कंट्रोलर उन्हाळ्यात बंद पडला तेव्हा पुरवठादाराचा माणूस यायला इतके दिवस लागले की मिरची गेली. तिथे ना ड्यूटीचा दोष ना यादीचा. सुटा भाग तालुक्याला मिळत नाही. चिनी असो नाहीतर देशी, दुरुस्ती कोण करणार ते आधी सांगा.

सायली_वाचते:

गोदाकाठ ताई, या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

सह्यवारा:

ताई, पेंडिंग अर्जांचा मुद्दा एकदम वर्मावर. आता मला सोसायटीच्या कोटेशनांकडे वेगळ्या नजरेने बघावं लागलं. आकडे मांडतो.

पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, किलोवॅटला १८ हजार अनुदान आहे. अट डीसीआर पॅनलची. डीसीआर आणि नॉन-डीसीआर यांतला फरक आमच्या कोटेशनांत वॅटला आठ-नऊ रुपये आलाय, म्हणजे किलोवॅटला आठ-नऊ हजार. सरळ आहे, अनुदान घेतलं तर नऊ-दहा हजार आमचे वाचतात, म्हणून आम्ही डीसीआरच घेणार. पण सरकारने दिलेल्या १८ हजारांतले जवळपास निम्मे ग्राहकासाठी नाहीतच. ते देशी सेलच्या कारखान्याला दिलेलं अनुदान आहे, फक्त आमच्या नावावर वळतं होतं. वर पॅनल कारखान्यांसाठीच्या प्रोत्साहन योजनेचे २४ हजार कोटी वेगळे मंजूर आहेतच.

कारखान्याला मदत द्यायची तर ती उघड द्या, किती आणि कधीपर्यंत ते सांगून. गच्चीच्या आणि पंपाच्या योजनेत लपवून दिली की ती मोजताही येत नाही आणि थांबवताही येत नाही. माझी मागणी आता अशी: यंत्रं, काच, वेफर यांवर शून्य. सेल-पॅनलवरची ड्यूटी दरवर्षी किती उतरणार याचं वेळापत्रक आजच जाहीर. आणि यादी ठेवायची तर ती चाचणीची ठेवा. जो पॅनल चाचणीत उतरेल तो आत, कारखाना कुठल्याही देशात असो.

लॅमिनेटर:

वेळापत्रकाला माझी ना नाही. खुल्या यादीला ठाम ना. यादी खुली केली की दुसऱ्या दिवशी आमची लाइन बंद, न्हावाशेवाकरांनी बारा रुपयांचा हिशोब वर दिलाच आहे.

पण तारखा पाळा एवढं तर कोणीही म्हणेल. यादी २०२१ मध्ये आली, २०२३-२४ चं अख्खं आर्थिक वर्ष स्थगित ठेवली, १ एप्रिल २०२४ ला परत लागू. त्या वर्षात ज्याने कर्ज काढून लाइन टाकली त्याने बँकेला काय सांगायचं? आता सेलची दुसरी यादी १ जून २०२६ ची तारीख घेऊन आलीय. ती पाळली जाणार की शेवटच्या महिन्यात पुन्हा ढकलली जाणार, यावर आमच्याकडे पैजा लागल्यात.

आणि निर्यातीचं बोला. २०२३-२४ मध्ये इथून गेलेले जवळजवळ सगळे पॅनल अमेरिकेला गेले. त्यांनी २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावर एकूण ५० टक्के लावले, शिवाय आपल्या पॅनलविरुद्ध अँटी-डंपिंगची चौकशी. कंबोडियाच्या काही कंपन्यांवर तर साडेतीन हजार टक्क्यांहून जास्त लावलंय, टायपो नाही. आपण चीनला जे करतो तेच ते आपल्याला करतायत. त्यामुळे एवढी क्षमता उभी करून माल कुठे खपवायचा, हा पुढचा प्रश्न आहे.

न्हावाशेवाकर:

तारखांचं अगदी बरोबर. २०२२ च्या जानेवारी ते मार्चमध्ये पॅनलच्या कंटेनरांनी यार्ड भरलं होतं, सगळ्यांना १ एप्रिलच्या आत बिल ऑफ एंट्री हवी होती. मग एकदम सामसूम. आकडेवाले त्याला 'आयात घटली' म्हणाले. ती आधीच येऊन पडली होती.

सह्यवारा, तुमच्या कामाचं एक. कोटेशनवर नुसतं 'डीसीआर' लिहून घेऊ नका. पॅनलचं मॉडेल, सेल कोणत्या कारखान्याची, आणि डीसीआर सर्टिफिकेट सीरियल नंबरसकट देणार असं लेखी घ्या. बाहेरची सेल घालून डीसीआर म्हणून विकायचा मोह वॅटला आठ रुपयांचा आहे. माल उतरला की बिल द्यायच्या आधी पॅनलच्या मागचे नंबर यादीशी ताडून बघा.

सह्यवारा:

धन्यवाद. शनिवारी कमिटीची मीटिंग आहे, तिथे ठेवतो. एका कोटेशनमध्ये सेलच्या कारखान्याचं नाव नाहीये, त्याला आजच फोन करतो.

खवचट:

आणि कंट्रोलर... सॉरी, इन्व्हर्टरचा माणूस किती दिवसांत येणार तेही लेखी घ्या. गोदाकाठ ताईंचा प्रतिसाद मीटिंगमध्ये वाचून दाखवा.